ब्युरो

डोंबिवलीहून सुटणाऱ्या सकाळच्या फास्ट लोकलमध्ये माणसाला आपलं खरं नाव फार दिवस टिकवता येत नाही. ऑफिसवरून, सीटवरून किंवा खोडीवरून नवं बारसं होतं आणि तेच चालू राहतं. आमच्या डब्यात एक पोर्ट ट्रस्ट आहेत, एक एलआयसी आहेत, दाराशी उभा राहणारा एक मसाला आहे. त्याच रिवाजाने हे गृहस्थ ब्युरो झाले. त्यांचं पाळण्यातलं नाव पासावर असेलच. ते टीसीने वाचलं असेल तर त्याने आम्हाला सांगितलेलं नाही.

ब्युरो फोर्टातल्या एका कंपनीत हिशेब बघतात. विज्ञानाशी त्यांचा अधिकृत संबंध दहावीच्या निकालाबरोबर संपला. सिनेमे ते टीव्हीवर आले की बघतात, तेही जाहिराती लागल्यावर झोप लागेपर्यंत. तरीही कृष्णविवर, कृत्रिम बुद्धिमत्ता, मंगळावरचं पाणी आणि बाहुबलीचा पुढचा भाग या चारही खात्यांचा कारभार गेली कित्येक वर्षं तेच सांभाळतात. पगार नाही, रजा नाही. गणपतीत गावाला गेले तरी डब्याच्या ग्रुपवर त्यांच्या लिंका येत राहतात.

त्यांच्या कामाची पद्धत ठरलेली आहे. चष्मा कपाळावर चढवायचा, फोन छातीशी धरायचा आणि समोरच्याला विचारायचं, "वाचलंत का?" याला 'हो' म्हणणं हा उद्धटपणा समजला जातो. एकदा एका नवख्याने 'हो, कालच वाचलं' असं म्हटलं, तर ब्युरोंचा चेहरा बघून त्या बिचाऱ्याला मुंब्र्यापर्यंत आपली जागा देऊ करावी लागली. 'नाही' म्हणालात की त्यांचा जीव भांड्यात पडतो. मग ते बातमी सांगतात. म्हणजे मथळा सांगतात. मथळ्याखाली जे असतं ते वाचण्यात वेळ घालवला तर पुढच्या बातमीला उशीर होतो, हे त्यांचं तत्त्व आहे. पूर्वी फास्ट गाडी पारसिकच्या बोगद्यातून जायची, तेव्हा त्या जेमतेम सव्वा किलोमीटरभर रेंज जायची आणि ब्युरो गप्प बसायचे. इंग्रजांनी या देशात काही चांगली कामंही केली, असं पोर्ट ट्रस्ट तेव्हा नेमाने म्हणत.

त्यांच्या समोरच्या सीटवर, खिडकीशी, जे गृहस्थ बसतात त्यांना आम्ही अणू म्हणतो. ते बीएआरसीत आहेत. कुर्ल्याला उतरून हार्बर पकडतात. बोलणं फार नाही. डबा मांडीवर, नजर बाहेर. म्हणजे या डब्यात ज्याला पदार्थविज्ञान खरोखर येतं असा माणूस ब्युरोंपासून हातभर अंतरावर रोज बसतो आणि ब्युरो त्याला रोज पदार्थविज्ञान समजावून सांगतात. इतक्या वर्षांत त्यांनी अणूंना एकदाही, 'तुम्हाला काय वाटतं?' असं विचारलेलं मी ऐकलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तराने बातमीचा खेळखंडोबा होतो.

सप्टेंबर २०११ मधली गोष्ट. गाडी दिव्याच्या सिग्नलला अडकली होती. ब्युरो म्हणाले, "आइनस्टाइन गेला."

पत्तेवाल्यांतल्या एकाने हळहळून विचारलं, "कधी?"

"तसा नव्हे हो. थिअरी गेली. प्रकाशापेक्षा जोरात जाणारं सापडलं. न्यूट्रिनो!"

झालं होतं ते असं. जिनेव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून जमिनीखालून सोडलेले न्यूट्रिनो सुमारे ७३० किलोमीटरवर इटलीतल्या ग्रान सासो इथे पकडले जात होते आणि मोजणीप्रमाणे ते प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचत होते. ज्या शास्त्रज्ञांनी हे मोजलं त्यांचाच त्यावर विश्वास बसत नव्हता. आमचं कुठे चुकतंय ते दाखवा, असं त्यांनी जगाला सांगितलं होतं. एवढं सगळं मथळ्यात मावत नाही. ब्युरोंनी ठाण्यापर्यंत आइनस्टाइनचं तेरावं उरकलं, घाटकोपरपर्यंत कालप्रवास सुरू केला आणि आपण १९८३ सालात जाऊन डोंबिवलीत कुठे प्लॉट घेतला असता तेही सांगितलं. अणू कुर्ल्याला उतरताना नेहमीसारखे किंचित हसले. ब्युरोंना ती दाद वाटली.

पुढच्या वर्षी चूक सापडली. वेळ पोचवणाऱ्या यंत्रणेतली प्रकाशतंतूची एक जोडणी नीट बसलेली नव्हती. वायर ढिली होती, एवढाच त्याचा अर्थ. एलआयसींनी ही बातमी कात्रण काढून ब्युरोंना दाखवली. ब्युरोंनी ती हातात धरून, लांबून, दुसऱ्याच्या घरची लग्नपत्रिका बघावी तशी बघितली आणि विचारलं, "कुठले न्यूट्रिनो?"

हे नाटक नव्हतं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. ब्युरोंच्या जगात बातमीला दुसरा दिवस नसतो. ती जन्मते, डोंबिवलीला गाडीत चढते, भायखळ्यापर्यंत जगते आणि सीएसएमटीला गर्दीत कुठेतरी उतरून जाते. विज्ञानाचं मात्र नेमकं उलटं आहे. तिथे पहिला दिवस हा सर्वांत कच्चा दिवस. खरं काम दुसऱ्या दिवशी सुरू होतं, जेव्हा बाकीचे लोक तोच प्रयोग आपापल्या टेबलावर करून बघतात. म्हणून ब्युरोंचा आणि विज्ञानाचा इतका जवळचा संबंध असूनही दोघांची गाठ पडत नाही. एक अप गाडीत, दुसरं डाउन गाडीत.

याचा कळस २०२३ मध्ये झाला. जुलैच्या शेवटी दक्षिण कोरियातल्या काही संशोधकांनी जाहीर केलं की त्यांना नेहमीच्या हवेत, नेहमीच्या तापमानाला चालणारा अतिसंवाहक सापडलाय. शिसं, तांबं, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचा एक काळपट तुकडा, नाव एलके-९९. अतिसंवाहक म्हणजे ज्यातून वीज अजिबात अडखळत नाही असा पदार्थ. आजवरच्या अतिसंवाहकांना एकतर भयंकर थंडी लागते, नाहीतर भयंकर दाब. सोबत एक व्हिडिओही होता. चुंबकावर तो तुकडा एका बाजूने अधांतरी, दुसरी बाजू टेकलेली.

ब्युरोंना असा तुकडा म्हणजे पर्वणी. पहिल्या दिवशी एमआरआय दोनशे रुपयांत होऊ लागलं. दुसऱ्या दिवशी (अपवाद म्हणून ही बातमी दोन दिवस चालली) महावितरणची गळती थांबली. मग लोकल रुळांवरून उचलली गेली आणि कसाऱ्यापासून तरंगत येऊ लागली. "मेगाब्लॉक बंद! रूळच नाहीत तर दुरुस्ती कसली?" ब्युरो म्हणाले. दाराशी लटकलेल्या मसाल्याने विचारलं की तरंगणाऱ्या गाडीला बाहेर लटकता येईल का. यावर मात्र ब्युरो क्षणभर अडले.

दरम्यान जगभरच्या प्रयोगशाळा तो तुकडा बनवून बघत होत्या. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनेही बनवला. तिथे तो ना तरंगला, ना अतिसंवाहक निघाला. ऑगस्टच्या मध्यापर्यंत उलगडा झाला: तांब्याच्या सल्फाइडची भेसळ होती, आणि विजेचा विरोध एकदम घसरल्यासारखा दिसला तो त्या भेसळीमुळे. एका साध्या भेसळीने साऱ्या जगाला तीन आठवडे नाचवलं, ही मला तरी मूळ बातमीपेक्षा जास्त रंगतदार गोष्ट वाटते. ती डब्यात कुणी सांगितली नाही. कारण तोवर ब्युरो चंद्रावर पोचले होते.

२३ ऑगस्टची संध्याकाळ. ब्युरो मुद्दाम ऑफिसातून लवकर निघाले, परतीच्या गाडीत मधोमध उभे राहिले आणि फोन उंच धरून सगळ्यांना चंद्रयान-३ दाखवू लागले. भारताच्या इतिहासातली सर्वांत मोठी बातमी, आणि ती ते स्वतः फोडणार! पण ब्युरोंचा फोन प्रक्षेपणाच्या थोडा मागे चालत होता. सहा वाजून चार मिनिटांच्या सुमाराला शेजारच्या डब्यातून एकदम आरोळी उठली, टाळ्या, 'भारतमाता की जय', कुणीतरी गाडीचा पत्रा बडवायला लागलं. ब्युरोंच्या पडद्यावर विक्रम अजून जमिनीपासून बराच वर होता.

"थांबा, थांबा," ब्युरो ओरडले, "अजून उतरलेलं नाही!"

लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. पोर्ट ट्रस्टांनी पेढ्यांचा पुडा फोडला. ब्युरो एकटेच फोनकडे बघत सगळ्यांना दटावत होते की घाई करू नका, २०१९ ला असाच घात झाला होता. त्यांच्या हिशेबाने ते उतरलं तेव्हा पेढे संपले होते. आयुष्यात एकदाच ब्युरोंनी बातमीची खातरजमा होईपर्यंत थांबायला सांगितलं, आणि नेमकी ती बातमी खरी होती.

दुसऱ्या दिवशी ते सावरले. आता खर्चाचं खातं उघडलं. चंद्रयान-३ ला सुमारे ६१५ कोटी रुपये लागले आणि 'इंटरस्टेलर' सिनेमाला साडेसोळा कोटी डॉलर, म्हणजे त्याच्या दुपटीहून जास्त. "ते खोटं दाखवायला एवढे घालवतात, आपण खरं जातो निम्म्यात!" हिशेबनिसाच्या तोंडी हे वाक्य शोभतं. मंगळयानाच्या वेळीही त्यांनी असाच ताळेबंद मांडला होता: ४५० कोटी रुपये, ६५ कोटी किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला सात रुपये. हे गणित तेव्हा पंतप्रधानांनीही अहमदाबादच्या रिक्षाच्या भाड्याशी तुलना करून सांगितलं होतं. ब्युरोंचं म्हणणं, आपण ते आधी केलं होतं. शिवाय आपल्या गणितात डोंबिवली स्टेशन ते एमआयडीसी शेअर रिक्षा धरलेली होती, जी जास्त अवघड आहे.

सिनेमाच्या खात्यात त्यांच्या हातून एकच गंभीर गुन्हा घडलाय. कटप्पाने बाहुबलीला का मारलं, या प्रश्नावर जुलै २०१५ पासून अख्खा देश पावणेदोन वर्षं थांबून होता. डब्यातल्या प्रत्येकाचं आपलं उत्तर होतं, त्यावर वडापावच्या पैजा लागल्या होत्या. एप्रिल २०१७ मध्ये दुसरा भाग लागला त्या सकाळी ब्युरोंनी कोपर यायच्या आत सगळं सांगून टाकलं. ते स्वतः सिनेमाला गेले नव्हते, जाणारही नव्हते. परदेशातल्या आदल्या दिवशीच्या खेळाचं कुणीतरी लिहिलेलं त्यांनी वाचलं होतं. पत्तेवाल्यांनी डाव खाली ठेवला. पुढचे काही दिवस ब्युरोंना चौथ्या सीटवर अर्ध्या बैठकीने बसावं लागलं. या देशात शास्त्रज्ञांबद्दल काहीही बोललेलं चालतं, कटप्पाबद्दल चालत नाही.

आता त्यांच्या सुवर्णकाळाविषयी. तो नोव्हेंबर २०१६ मध्ये आला. नव्या दोन हजारांच्या नोटेत नॅनो चिप आहे, ती जमिनीखाली १२० मीटरवर पुरली तरी उपग्रहाला ठावठिकाणा कळवते, ही बातमी ब्युरोंनी केवळ सांगितली नाही, ती ते जगले. कुणाकडूनही गुलाबी नोट मागून घ्यायचे, खिडकीच्या उजेडात धरायचे आणि, "हे बघा, दिसली?" असं म्हणायचे. दिसली न म्हणणारा काळ्या पैशाच्या बाजूचा ठरायचा.

एलआयसींनी शंका काढली, "ब्युरो, बोगद्यात तुमच्या फोनला रेंज येत नाही. नोटेला १२० मीटर खाली कशी येते?"

"फोन चिनी आहे," ब्युरो म्हणाले.

रिझर्व्ह बँकेने असलं काही नाही म्हणून सांगितलं. ब्युरो म्हणाले, सांगणारच. पुढे मे २०२३ मध्ये त्या नोटा चलनातून मागे घेण्याचं जाहीर झालं त्याच्या दुसऱ्या सकाळी ब्युरो गाडीत चढले ते विजयी मुद्रेने. चष्मा कपाळावर नेण्याआधीच म्हणाले, "चिपा परत काढून घेतायत." साडेसहा वर्षं! आइनस्टाइन त्यांच्या लक्षात राहिला नाही, कोरियाचा दगड राहिला नाही. ज्या एकमेव बातमीचा त्यांनी इतकी वर्षं पाठपुरावा केला ती मुळातच नव्हती. मी हे वर्तमानपत्रात काम करणाऱ्या एका मित्राला सांगितलं, तर तो म्हणाला की खरी बातमी संपते, खोटीला संपायचं कारणच नसतं.

गेल्या दोन-तीन वर्षांत ब्युरोंच्या आयुष्यात कृत्रिम बुद्धिमत्ता आली. सुरुवातीला त्यांनी सगळ्यांच्या नोकऱ्या घालवल्या. एलआयसींची आधी, मग पोर्ट ट्रस्टांची. हिशेबनिसाची तेवढी शाबूत, कारण त्यात 'ह्यूमन टच' लागतो. मग मुलीने त्यांच्या फोनवर चॅटजीपीटी टाकून दिलं आणि ब्युरो अचानक अबोल झाले. डोक्यात काही आलं की अंगठ्याने टाइप करायचे आणि उत्तर वाचून मान डोलवायचे. मी एकदा डोकावलो. ब्युरोंनी लिहिलं होतं की कृष्णविवर म्हणजे आपलं पाताळ असावं. उत्तराची सुरुवात, 'तुमचं निरीक्षण अतिशय मार्मिक आहे,' अशी होती. हा आजार जगभर होता. एप्रिल २०२५ मध्ये तर चॅटजीपीटीच्या कंपनीने एक सुधारणा मागे घेतली, कारण ते यंत्र माणसांची फारच हांजी हांजी करायला लागलं होतं.

आम्हाला वाटलं, सुटलो. न कंटाळणारा, कुर्ल्याला न उतरणारा श्रोता ब्युरोंना मिळाला. पण महिना-दीड महिन्यात ते परत आले. फोन खिशात घालून कुणाशी तरी बोलावं तसे म्हणाले, "त्याला सगळं आधीच माहीत असतं हो." मग चष्मा कपाळावर गेला. "वाचलंत का?" पोर्ट ट्रस्टांनी मोठ्या मनाने, 'नाही बुवा,' म्हटलं.

राहता राहिली अणूंची गोष्ट. ऑक्टोबर २०१७ मध्ये पदार्थविज्ञानाचं नोबेल जाहीर झालं आणि ब्युरोंनी मथळा दिला: "सिनेमावाल्याला नोबेल!" यात तथ्याचा अंश होता. तिघा मानकऱ्यांपैकी किप थॉर्न हे 'इंटरस्टेलर'चे वैज्ञानिक सल्लागार. ज्या सिनेमात एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं असतात, तोच तो. ब्युरोंना ते प्रमाण तोंडपाठ होतं. दिव्याच्या सिग्नलला ते लागू पडतं असं त्यांचं मत होतं. "सिनेमा काढला म्हणून नोबेल. आपल्याकडे दादासाहेब फाळके तरी देतील का?"

तेव्हा अणू बोलले. बाहेर बघतच बोलले. नोबेल सिनेमाला नव्हे, लायगोला होतं. दोन कृष्णविवरं १३० कोटी प्रकाशवर्षांवर एकमेकांवर आदळली, त्याने अवकाशालाच तरंग आला आणि तो २०१५ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या दोन यंत्रांनी पकडला. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, त्यांतून लेसर. आणि मोजायचा फरक प्रोटॉनच्या रुंदीच्या हजाराव्या भागाइतका. जवळून ट्रक गेला तरी यंत्राला कळतं, म्हणून शांत जागा लागते. तसंच एक यंत्र भारतात होणार आहे. औंढा नागनाथजवळ.

"औंढा कुठलं?" ब्युरोंनी विचारलं.

"हिंगोली जिल्हा."

"आपलं हिंगोली?"

गाडी ठाण्यात शिरली, निघाली, मुलुंड मागे गेलं. ब्युरो बोलले नाहीत. प्रोटॉनचा हजारावा भाग त्यांच्या कुठल्याच खात्यात बसत नव्हता. अणू नळ्यांतली हवा कशी काढून टाकतात ते सांगत होते आणि ब्युरो ऐकत होते. पत्तेवाल्यांनी हे दोनदा वळून बघितलं. घाटकोपर गेल्यावर ब्युरोंनी अखेर तोंड उघडलं, "तिकडे जमिनीचे भाव काय चाललेत?" अणू कुर्ल्याला उतरले.

दुसऱ्या सकाळी ब्युरोंनी ही सगळी माहिती आम्हाला सांगितली, अणूंच्या देखत. नळ्या चारशे किलोमीटर झाल्या होत्या, ट्रकच्या जागी बैलगाडी आली होती आणि औंढ्यालाच जागा का, तर ते ज्योतिर्लिंग असल्यामुळे. अणूंनी डबा मांडीवर सरळ केला आणि खिडकीबाहेर बघितलं.

केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये औंढ्याच्या प्रकल्पाला २६०० कोटी रुपये मंजूर केले. वेधशाळा २०३० च्या सुमाराला पुरी व्हायची आहे. ब्युरो त्याआधी निवृत्त होतील, अणूही. हिंगोलीत पहिला तरंग पकडला जाईल त्या सकाळी डोंबिवली फास्टमध्ये तो चुकीचा कोण सांगणार, याची व्यवस्था प्रवाशांनी वेळेवर करून ठेवावी.